लाइन चालू झाली

शरीरातलं मीठ-पाणी मेंदू कुठल्या वाटेने सांभाळतो, त्याचा नकाशा मी चार वर्षं काढत होते. मेंदूपासून खाली निघालं की वाट दरवेळी मानेपाशी हरवायची. बाबा निवृत्त टेलिफोन लाइनमन. एकदा चहा घेताना म्हणाले, "अगं, आम्ही बिघाड एक्सचेंजपासून शोधायचोच नाही. गिऱ्हाइकाच्या घरून उलटं चालायचं." मी उंदराच्या किडनीत रंग सोडला. तो मज्जातंतूंतून चढत थेट मेंदूत पोचला. आज तो नकाशा प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागला. बाबांनी चष्मा पुसला, बोटाने एकेक जोड तपासला. तोंडाने कौतुक करणं त्यांच्या रक्तातच नाही. माझ्या पदवीलाही नुसतं "बरं" म्हणाले होते. पण लाइन चालू झाली, की खांबावर खडूने बरोबरची खूण करायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. खिसे चाचपत त्यांनी माझ्या सरांना विचारलं, "साहेब, खडू आहे का?"