खांबाजवळचं लोखंड

मुलांनो, डोळ्यांसमोर एक स्वयंपाकघर आणा. उत्तर फ्रान्समधलं, बीटाच्या शेतांच्या मधोमध. दुपारचं जेवण उरकत आलंय, टेबलावर चीज आहे, आणि वरच्या खोलीत चार दिवसांसाठी उतरलेले पोर्तुगालचे पाहुणे फाउस्तो बोलताहेत. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघताहेत.

मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ते इथल्या गमती सांगत होते. लोक पाव उघडाच काखेत मारून नेतात आणि घरी पोचेपर्यंत त्याचं टोक खाऊन टाकतात. दुपारी दुकानं बंद, पण कुत्री हॉटेलात खुर्चीवर. भेटल्यावर गालाला गाल लावायचा, पण आधी कुठला? ते न कळल्यामुळे त्यांनी पोस्टातल्या बाईंच्या नाकावर नाक आपटलं होतं.

"रेमीनं आमच्या लग्नात माझ्या आईचं नाक असंच फोडलं होतं," या घरातल्या मुलीची, ओदिलची, आई म्हणाली. रेमी, म्हणजे ओदिलचे बाबा, लाजून हसले. दहा वर्षांच्या ओदिलला हसता हसता ठसका लागला.

मग फाउस्तो म्हणाले, सगळ्यांत आवडलं ते इथल्या माणसांचं मोठं मन. शेतात सापडलेल्या जुन्या वस्तू विजेच्या खांबाशी ठेवून देतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. सकाळी त्यांनीही एक उचलली. बाटलीएवढी, गंजलेली, चांगली जड. घरी कपाटावर शोभेल.

रेमींच्या हातातली सुरी थांबली. ती वस्तू कालच त्यांच्या नांगराला लागली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईतले न फुटलेले तोफगोळे इथल्या मातीतून अजून वर येतात. ते खांबाशी ठेवायचे आणि फोन करायचा. सरकारी माणसं येऊन नेतात. गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून पाहुण्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

"कुठे आहे ती?" रेमींनी विचारलं.

"वर, न्हाणीघरात. आमचा तोमे मांडीवर घेऊन ब्रशनं घासतोय. माती फार होती."

तोमे, त्यांचा मुलगा, सहा वर्षांचा होता.

खरखर केव्हापासून येत होती, पण ती आत्ता सगळ्यांना ऐकू आली. रेमींनी दोन वाक्यांत काय ते सांगितलं. फाउस्तो उठले तशी त्यांची खुर्ची पडली. रेमींनी त्यांच्या तोंडावर हात दाबला.

"हाक मारू नका. दचकला तर हातातून टाकेल."

वर जावं, तर जिना लाकडी आणि जुना. मोठ्या माणसाचं पाऊल पडलं की वरची फळीन् फळी हादरायची. बाहेर पळावं, तर फाउस्तो जागचे हलेनात. आईनं ओदिलचा दंड धरला आणि तिला दाराकडे ओढलं.

ओदिलनं दंड सोडवून घेतला. तोमेला फ्रेंचचा शब्द येत नव्हता आणि तिला पोर्तुगीजचा, पण पाहुणे आल्यापासून दोघं लपाछपी खेळत होती. ती जिन्याखाली गेली. तिनं भिंतीकडे तोंड केलं, डोळ्यांवर हात घेतले आणि लपाछपीत आपल्यावर राज्य आल्यासारखी, आधी हळू, मग मोठ्यानं, आकडे मोजू लागली.

वरची खरखर थांबली.

ओदिल मोजत राहिली.