डावा पाय

येशूने शिष्यांचे पाय धुतले, तसे पवित्र गुरुवारी फादर गावातल्या बारा जणांचे धूत. बाराही जण घरून पाय घासून, अत्तर लावूनच येत. तांब्या धरणाऱ्या इनासला वाटे, हे म्हणजे धुतलेली भांडीच पुन्हा घासणं.

यंदा एक जण आलाच नाही. "कुणालाही बसव," फादर कुजबुजले. इनासने फाटकाबाहेर गटार उपसणाऱ्या रावजीला आणून बसवलं. पुढच्या बाकावर नाकांना पदर लागले.

रिवाजाप्रमाणे फादरनी फक्त उजव्या पायावर चमचाभर पाणी ओतलं. चिखल हललासुद्धा नाही. तांब्या रिकामा झाला, तेव्हा कुठे बोटं दिसली. फादर उठू लागले.

"फादर, डाव्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" रावजीने विचारलं.

फादर पुन्हा खाली बसले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच इनास बादली आणायला धावला.