लिंडाचं भांडं

सर्वांसाठी मोफत उपचार मागणारा, लेक क्षितिजा ज्याचा प्रचार करत होती तो उमेदवार अमेरिकेत निवडणुकीत पडला, हे आत्मारामांना भाईंदरला सकाळी व्हिडिओ कॉलवर कळलं. “घरोघर फिरले, बाबा. ना डावी ना उजवी, ही मधली माणसं ‘फार टोकाचं बोलता’ म्हणतात आणि दार लावतात.” “शेजारच्या लिंडाकडे गेली होतीस?” “तीही त्यातलीच. तिच्याशी काय बोलणार?” आत्मारामांचा आवाज चढला. “आईला धड इंग्रजी येत नव्हतं, तरी तुझ्याकडे आली की शिरा घेऊन तिच्या घरी जायची.”  पडद्यावर क्षितिजाच्या मागे फ्रिजवर काचेचं भांडं होतं. आत्मारामांची बायको वारली तेव्हा लिंडाने त्यातून केक आणला होता. “ते अजून तुझ्याकडेच?” “रिकामं कसं देऊ? आईसारखा शिरा जमत नाही.” “बिघडलेला दे. पण जा.” “तुम्हीच सांगा, रवा किती भाजायचा?” आत्मारामांना ते ठाऊक नव्हतं. लिंडाचं भांडं अजून द्यायचं राहिलं आहे.