गालाला शेडकार्ड

फिल्टरमधली चांदी पाण्यात उतरते आणि ती फार पोटात गेली की कातडी निळसर पडते, असं बायकोने कुठेतरी वाचलं. ती रंगाच्या दुकानात कामाला. तेव्हापासून रोज सकाळी ती नवऱ्याला खिडकीत उभं करायची आणि दुकानातलं शेडकार्ड त्याच्या गालाला लावून निरखून बघायची.

"हलू नका हो."

शेवटी तिने फिल्टरवाल्याला बोलावलं. "काकू, जंतू मारण्यापुरती, अगदी नावाला चांदी असते. पाणी तपासलेलं आहे. काका काही निळे होत नाहीत."

तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर नवरा आपणहून खिडकीत जाऊन उभा राहिला.

"आता कशाला?"

"फिल्टरवाल्याला रंगातलं काय कळतंय?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. शेडकार्ड तिच्या हातात होतंच.