आवाज अस्पष्ट

"ढकलाढकली करू नका, सगळं सांगतो," अधिकारी म्हणाला आणि तिने ते जसंच्या तसं टाइप केलं.

तो कोसळलेल्या बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून कॅमेऱ्यांपुढे बोलत होता. इकडे काचेच्या खोलीत ती कानाला हेडफोन लावून त्याचं बोलणं थेट व्हिडिओच्या तळाशी उमटवत होती, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. आत अडकलेल्यांमध्ये तिचा दादा होता. आणि घरी फोन नाकाशी धरून त्या ओळी वाचत बसली होती तिची वहिनी. वहिनीला जन्मापासून ऐकू येत नाही.

"तू घरी जा गं," शेजारी बसलेले साहेब सकाळी म्हणाले होते. "आज मशीनवर सोडू."

"काल मशीनवरच सोडलं होतं."

काल मशीनने आपोआप लिहिताना असे काही तारे तोडले होते की माणसं सापडली की गेली, हेच वहिनीला अर्धा दिवस कळेना. घरभर वेड्यासारखी फिरत होती बिचारी. आज तिला निदान खरं काय ते धड वाचायला मिळावं, म्हणून ही येऊन बसली होती. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

चौघे जिवंत बाहेर आले. ते टाइप करताना तिची बोटं नुसती पळत होती.

"एकाला मात्र आम्ही वाचवू शकलो नाही," अधिकारी म्हणाला. सवयीने तेही टाइप झालं. मग त्याने नाव घेतलं. आधी घरच्यांना कळवावं ही साधी रीत, पण समोर एवढे कॅमेरे असले की कुणाचं घर कुणाला आठवतं?

तिची बोटं थांबली. दादाला तिने जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती.

"राहिलं बघ," साहेब म्हणाले. मग त्यांचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "सरक. मी करतो."

"हात लावू नका."

बोलणं नीट ऐकू आलं नाही, तर लिहायचे शब्द ठरलेले असतात. तिने ते लिहिले. 'आवाज अस्पष्ट.' या खुर्चीवर बसून ती पहिल्यांदाच खोटं बोलली. अजून थोडा वेळ तरी वहिनीला नवरा असू दे, एवढंच तिच्या मनात आलं.

अधिकारी आता मदत करणाऱ्यांचे आभार मानायला लागला होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. वहिनीचा मेसेज होता.

"त्याच्या ओठांवर मला यांचंच नाव दिसलं. पण ओठ वाचताना मी चुकते कधीकधी. तू लिहिलंस तरच मानेन."

तिने ती खोटी ओळ पडद्यावरून काढून टाकली. दादाचं नाव टाइप करताना दोनदा चुकलं, दोनदा खोडावं लागलं. पुढचं वडिलांचं नाव आणि आडनाव मात्र बोटांनी न अडखळता उमटवलं. तेवढं तिच्याही नावात होतं.