निघतानाचा चहा

नवऱ्याच्या बदलीचं सामान ट्रकमध्ये चढलं होतं, तरी मी शेजारच्या आमा-लेंच्या स्वयंपाकघरात लोण्याचा चहा समोर ठेवून बसले होते.

लेहमध्ये आलो त्या दिवशी त्यांनी असाच खारट चहा दिला होता. उष्टं टाकायचं नाही, या माहेरच्या शिस्तीने मी पेला रिकामा करत गेले आणि त्या भरत गेल्या. शेवटी हसल्या. "पोरी, नको असेल तर भरलेलाच ठेव. उठताना संपव."

आज चहावर लोण्याची साय धरली होती. खिडकीबाहेर मातीच्या गच्चीवर जर्दाळू वाळत होते, मागे तेच उघडेबोडके डोंगर. ट्रकचा हॉर्न वाजला.

"संपव आता," आमा-ले म्हणाल्या.

मी पेला रिकामा केला. त्यांनी तो लगेच काठोकाठ भरला.

"मी निघालेय, आमा-ले."

"म्हणून तर भरला. परत आलीस की संपव."