दोरीचे दोन हिसके

छापखान्यातल्या रखमाजी जुळाऱ्यानं आजच्या अंकाचा खिळ्यांचा साचा माडीच्या झडपेतून, दोरीनं, खालच्या यंत्रखोलीत सोडला. त्यात त्यानंच जुळवलेली बातमी होती: आमचा यंत्रवाला म्हादबा दारूच्या नशेत पट्ट्यात सापडून ठार.

“मालक, म्हादबा माळकरी होता,” तो सकाळी म्हणाला होता.

“मग पट्ट्याला जाळी नव्हती असं छापू? गुमान जुळव!”

आता दोरीला खालून दोन हिसके बसले. म्हादबाची नेहमीची खूण: चूक आहे, वर घे. पण खाली नवा माणूस अजून आलाच नव्हता.

रखमाजीनं साचा वर ओढला. ‘दारूच्या नशेत’ उपसून काढलं, ‘जाळी नसल्यामुळे’ बसवलं आणि साचा पुन्हा सोडला.

हिसका आला नाही. कालपासून पट्टा काढून ठेवलेलं यंत्र मात्र धडधडू लागलं.